अंधाराचे घराणे

परशरामअण्णा कोणाच्याही घरी गेले की आधी ट्यूबलाईट बंद करतात आणि मग नमस्कार करतात. यजमानाची परवानगी ते घेत नाहीत. बटण कोठे आहे हेही विचारत नाहीत. बेळगावच्या वडगावातल्या बहुतेक घरांची बटणे त्यांना पाठ आहेत. दिवा गेला की ते खिडकीचे एक दार लोटतात, दुसरे अर्धे उघडे ठेवतात, यजमानाला खांद्याला धरून त्या फटीसमोर बसवतात, जरा मागे सरून त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि समाधानाने म्हणतात, "आता दिसलासा."

माझ्या घरी त्यांनी हे प्रथम केले तेव्हा मी त्यांना बाहेर जायला सांगितले. मी आयुष्यभर वीजखात्यात नोकरी केली आहे. निपाणीपासून खानापुरापर्यंत जेथे जेथे बदली झाली, तेथे लोकांच्या घरात उजेड नेणे हेच माझे काम होते. माझ्यादेखत माझा दिवा विझवणारा माणूस मला मान्य होण्यासारखा नव्हता. अण्णा गेले नाहीत. शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी गावाला उजेड दिलासा, त्येचं पुण्य हाय. पण उजेड चारी अंगानी आला की माणूस भाकरीगत सपाट दिसतोय. एकाच अंगानं येऊद्या. उरल्याली बाजू तुमची तुमच्याकडं ऱ्हाऊद्या."

उरलेली बाजू आपली आपल्याकडे राहावी ही कल्पना मला वाईट वाटली नाही. तसे मी बोलून दाखवले नाही.

अण्णा माझ्या समोरच्या घरात राहतात. घर पुढे लहान आणि मागे लांब. मागच्या भागात पूर्वी माग होते. आता एकच उरला आहे, तोही झाकून ठेवलेला. साड्या विणणाऱ्या घरात जन्मलेल्या या गृहस्थांनी लग्न केले नाही. घरात ते आणि त्यांची थोरली, विधवा बहीण अशी दोनच माणसे. बहिणीला सारी गल्ली आक्का म्हणते. त्या माझ्याहून मोठ्या असल्यामुळे मीही म्हणतो.

जुन्या, काळ्या-पांढऱ्या, भीतिदायक परदेशी सिनेमांचे वेड अण्णांना तरुणपणी लागले आणि ते एका गैरसमजातून लागले. साड्यांचे गठ्ठे घेऊन ते पुण्याला गेले होते. व्यापाऱ्याचे दुकान उघडायला अवकाश होता. शेजारच्या एका सभागृहाचे दार उघडे होते, आत गारवा होता आणि कोणी तिकीट विचारले नाही. ते जाऊन बसले. पडद्यावर माणसे ओठ हलवीत होती, पण आवाज येत नव्हता. जन्मापासून मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला एवढी शांतता ठाऊक नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान उतारवयात गेले होते. आपले ऐन विशीत गेले, अशी अण्णांची खात्री झाली. "लई घाबरलो बघा," ते सांगतात. "म्हटलं, आता बहिऱ्याला पोरगी कोण देणार. म्हणून जोरात टाळी वाजवून बघितली. मागचा म्हणाला, श्श. तवा जीव भांड्यात पडला. कान चांगले हाईत, पिक्चरच मुकं हाय."

कान शाबूत असल्याची खात्री पटल्यावर त्यांनी पडद्याकडे नीट पाहिले. तेथली घरे वाकडी होती. रस्ते एका कुशीवर कलंडलेले होते. काही सावल्या दिव्यामुळे पडलेल्या नव्हत्या. त्या रंगाने भिंतींवर काढलेल्या होत्या. दुकान उघडले आणि दुपारी बंदही झाले. अण्णा गठ्ठे जसेच्या तसे घेऊन बेळगावास परतले. वडिलांनी काय केले हे ते सांगत नाहीत.

त्यानंतर मिळेल तेथून त्यांनी हे सिनेमे पाहिले आणि त्यांचा इतिहास स्वतःच्या पद्धतीने लावून घेतला. आमच्या मुलखात गाणे घराण्याने ओळखतात. अण्णा अंधारही घराण्याने ओळखतात. जर्मनांचे ते 'वाकडं घराणं'. पहिले महायुद्ध हरल्यावर त्या लोकांना सरळ काही दिसेना, म्हणून त्यांनी घरे, जिने, माणसांची मने, सगळेच वाकडे रंगवले. "हरल्याला माणूस भिंत वळंब्यात सरळ बांधत न्हाय," असे त्यांचे सूत्र आहे. फ्रेंचांचे ते 'धुक्याचं घराणं'. त्यात बंदरे, ओले रस्ते आणि उद्या मरणार हे ठाऊक असलेले पुरुष असतात. पुढे जर्मनीत वाईट दिवस आले, वाकड्या घराण्यातली काही मंडळी जीव घेऊन अमेरिकेला गेली आणि तेथे त्यांनी शिष्य तयार केले. ते 'पट्ट्यांचं घराणं'. कारण त्यात गुन्हेगार असो, पोलीस असो, खिडकीच्या झडपांचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाच्या तोंडावर पडलेले असतात. "कैद आधी तोंडावर पडतीया, जेल मागनं येतोय," असे अण्णा म्हणतात. मुंबईच्या जुन्या मंडळींनीही पट्टे उचलले हे त्यांना मान्य आहे. पण तेथे ऐन वेळी कोणीतरी गाणे म्हणते आणि भ्यायचे राहून जाते, अशी त्यांची तक्रार आहे.

हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले असते तर गल्लीला त्रास झाला नसता. संकेश्वरास त्यांच्या एका चुलत बहिणीच्या मुलाचे लग्न होते. फोटो काढणाऱ्याला बाजूला घेऊन अण्णांनी त्याचे सगळे दिवे बंद करवले आणि एकच हॅलोजन जमिनीवर, सासूबाईंच्या पायापाशी ठेवला. नव्या सुनेने पदर सावरून वर पाहिले तेव्हा समोरची सगळी भिंत सासूच्या सावलीने भरली होती. मुलगी रडू लागली. वऱ्हाडी अण्णांच्या अंगावर गेले. अण्णा म्हणाले, "सासू कशी हाय ते तिला अगूदर कळलं. वाईट काय झालं?" सासूबाई त्यानंतर त्यांच्याशी बोललेल्या नाहीत. सून मात्र दरवर्षी आठवणीने तिळगूळ पाठवते.

अलीकडच्या काही वर्षांत हे वेड घरात शिरले. अण्णांनी पुढच्या आणि मागाच्या खोलीच्या भिंती चुन्याने पांढऱ्या फेक केल्या आणि स्वतः काळा सदरा घालू लागले. लग्नाकार्यालाही काळा. दाराच्या पायऱ्या काळ्या रंगवून त्यांच्या कडांना पांढरे पट्टे ओढले. उंबरा पांढरा, चौकट काळी. जेवणात भाताला काळे ताट आणि आमटीला पांढरी वाटी आली. मी एकदा त्यांच्याकडे जेवलो. चटणीला बशी बदलून आणण्यासाठी ते ताटावरून उठले. मी विचारले, हे काय. ते म्हणाले, "पट्ट्यांचं घराणं हाय साहेब, मिसळून चालत न्हाय."

जिन्याच्या तळाशी त्यांनी एक दिवा जमिनीलगत बसवला. कंग्राळीहून येणारा दूधवाला एका संध्याकाळी दार लोटून आत गेला, तेव्हा त्याच्याआधी त्याची सावली छतापर्यंत चढून गेली. त्याने कॅन तेथेच टाकला आणि तो सायकलीशिवाय निघून गेला. सायकल न्यायला त्याचा भाऊ आला.

शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला मागाच्या खोलीत सिनेमा असे. लॅपटॉप, एक लहानसा प्रोजेक्टर आणि चुन्याची भिंत. शनिवार का, असे मी विचारले होते. सोमवारी वीज जाते, असे उत्तर मिळाले. आरंभी गल्लीतले बरेच जण आले. हळूहळू गळाले. शेवटी प्रेक्षक दोनच उरले: पुढच्या खुर्चीत आक्का आणि मागच्या बाकावर मी.

मी का जात राहिलो, हे सांगणे सोपे नाही. मला ते सिनेमे आवडत नसत. मला त्यांची भीती वाटे. पहिल्या शनिवारी पाहिलेल्या सिनेमात एक मनुष्य कंदील घेऊन वाकड्या गल्लीतून घरी निघतो. कंदील मागे असल्यामुळे त्याची सावली पुढे चालते. ती त्याच्या आधी घरी पोचते. त्याची आई दार उघडते, सावलीला आत घेते आणि दार लावते. मनुष्य बाहेर राहतो. एवढेच. रक्त नाही, किंकाळी नाही. मी रस्ता ओलांडून घरी आलो आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला. मग न्हाणीघरातला. मग ज्या खोल्यांत मला काही काम नव्हते त्यांतले. माझे घर मोठे आहे आणि त्यात मी एकटा असतो. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. एकट्याने भिण्यापेक्षा तिघांनी मिळून भिणे बरे असते.

अण्णांची एक सवय मात्र असह्य होती. मुका सिनेमा मुकेपणाने पाहणे त्यांना जमत नसे. भिंतीवर जे दिसे ते सगळे ते बोलत. "हां, आता जिना आला. जिना वाकडा हाय. वरच्या पायरीवर माणूस हाय, टोपीवाला. त्येची सावली खालच्या पायरीवर. सावली लई मोठी. आता त्यो वळला. अर्धं तोंड काळं." मी एकदा सांगितले की आम्हालाही डोळे आहेत. अण्णा म्हणाले, "असूद्यात," आणि पुढे बोलू लागले. आक्का मान डोलवीत. मधूनच म्हणत, "व्हय, दिसतंय की."

गल्लीत कुजबुज सुरू झाली. काळा सदरा, पट्ट्यांच्या पायऱ्या, शनिवारची संध्याकाळ आणि बंद दाराआडून येणारे अण्णांचे ते संथ बोलणे. घरात काहीतरी करणी चालते, असे बायका म्हणू लागल्या. पिठाच्या गिरणीच्या तुकारामाच्या नातवाला ताप आला आणि संशयाला पाय फुटले. एका सकाळी अण्णांच्या पांढऱ्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेले लिंबू सापडले. अण्णांनी टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि लिंबाचे सरबत करून प्यायले. मला सांगताना म्हणाले, "रसाळ हुतं. पुढच्या बारीला दोन ठेवा म्हणून सांगा कुणाला तरी."

गल्ली हसली नाही. उतारा पचवणाऱ्या माणसाला लोक अधिकच भितात. संध्याकाळी मुले त्या बाजूने फिरकेनाशी झाली. अखेर तुकाराम पुढे झाला, नगरसेवकाकडे गेला आणि अण्णांच्या दारासमोरच्या खांबावर नवा, पांढरा, जबरदस्त एलईडी दिवा मंजूर करून आला. उजेड पडला की भुते जातात, असा त्याचा साधा हिशेब होता. मला विचारले तेव्हा मी हरकत घेतली नाही. दिव्याला हरकत घेणे मला नोकरीने शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा माझ्याकडे आले. ट्यूबलाईट चालू होती. ती तशीच चालू ठेवून ते खुर्चीत बसले. ते पाहूनच मला काहीतरी बिघडल्याची शंका आली.

"साहेब, त्यो दिवा थांबवा."

मी कारण विचारले. त्यांनी आधी जर्मन काढले, मग अमेरिकन काढले. मी कारण पुन्हा विचारले.

"आक्काला काचबिंदू हाय," ते म्हणाले.

मग थोडे थोडे करून सगळे सांगितले. नजर कडांनी मिटत आली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली परत येणार नाही; थेंबांनी उरलेली जरा दिवस टिकेल. ट्यूबच्या उजेडात आक्कांना सगळे दुधासारखे एकजीव दिसे. काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे तेवढे उमगे. म्हणून ताटे. म्हणून पायऱ्यांच्या कडा. म्हणून चुन्याची भिंत आणि तिच्यापुढे काळा सदरा. रंगीत सिनेमा त्यांना केव्हाच दिसेनासा झाला होता. काळी-पांढरी घराणी तेवढी दिसत. जे निसटेल ते अण्णा बोलून भरून काढत.

"हौस माझी जुनीच हाय," ते म्हणाले. "कामाला आत्ता आली."

मी म्हणालो, हे गल्लीला सांगा. दिवा आपोआप थांबेल.

"नगा. येडा म्हणूद्यात, करणी करणारा म्हणूद्यात. करणीवाल्याच्या दारात कोण किंव करायला येत न्हाय. आक्काला किंव सोसायची न्हाय." त्यांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले. "मला भ्या वाटतंय, साहेब. त्यो दिवा समोरनं डोळ्यांत मारणार. एक दिवस ती माझ्याकडं बघंल आणि कोण हाय म्हणून विचारंल."

मी खात्यात गेलो. निवृत्त अधिकाऱ्याला चहा मिळतो, दुसरे काही मिळत नाही. चहा पिऊन परत आलो.

दिवा लागला. त्या संध्याकाळी गल्ली पाहायला जमली होती. उजेड इतका पांढरा होता की अण्णांच्या पायऱ्यांवरचे पट्टे पुसल्यासारखे झाले. आक्का नेहमीप्रमाणे दारातल्या तुळशीपाशी निरांजन ठेवायला बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. विहिरीत पाय सोडावा तसा त्यांनी एक पाय पुढे सोडला आणि मागे घेतला.

"परशा."

अण्णा त्यांच्यासमोर उभे होते. हात लांब केला असता तर लागले असते. ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत हे मला त्या वेळी कळले नाही. मला वाटते, आपण दिसतो का हे त्यांना पाहायचे होते.

"परशा, कुठं हाईस रं?"

त्यांनी निरांजन उजवीकडे नेले, डावीकडे नेले. मी माझ्या ओट्यावर होतो. भिंतीवरच्या कोणत्याही सावलीची मला इतकी भीती वाटली नव्हती. त्या लख्ख उजेडात एक म्हातारी बाई समोर उभ्या असलेल्या भावाला चहूकडे शोधत होती.

"हितं हाय गं," अण्णा अखेर म्हणाले आणि त्यांनी निरांजन हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा कापला आणि ज्या लाइनमनला मी एके काळी खांबावर चढायला शिकवले होते त्याला बोलावून घेतले. कोणाचा हुकूम, असे त्याने कानडीत विचारले. माझा, असे मी कानडीत सांगितले. निवृत्ताला हुकूम नसतो हे त्याला ठाऊक होते. तो चढला. दिव्याच्या एका अंगाला पत्र्याची टोपी बसली आणि सगळा उजेड गिरणीच्या बाजूला पडू लागला. अण्णांचे दार पुन्हा अंधारात गेले.

तुकाराम तणतणत आला. मी त्याला सांगितले की दिवा माझ्या डोळ्यांवर येतो आणि म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही. तो दोन पावले मागे सरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमीबी त्येंच्यातलं झालासा काय?"

मी म्हणालो, "होय."

तेव्हापासून तो मला लांबून नमस्कार करतो.

पुढच्या शनिवारी सिनेमा झाला. अण्णांना उत्साह आला होता. काचेच्या कौलांवर त्यांनी गोणपाट अंथरले होते, भिंतीला नवा चुना दिला होता आणि वाकड्या घराण्यातली एक खास चीज काढली होती. आक्का पुढे बसल्या. अण्णांनी मध्येच थांबून विचारले, "आक्का, दिसतंय न्हवं?" आक्का म्हणाल्या, "लख्ख दिसतंय." अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. एवढा निश्चिंत चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

सिनेमा निम्म्यावर आला असताना दारावर थाप पडली. दूधवाल्याचा भाऊ राहिलेला कॅन न्यायला आला होता. आत यायला तो तयार नव्हता. अण्णा कॅन घेऊन बाहेर गेले. लॅपटॉपला कोणी हात लावला नाही की तो काही वेळाने आपोआप मिटतो. तसा तो मिटला. भिंत काळी झाली. सिनेमा मुका असल्यामुळे आवाजात काही फरक पडला नाही.

मी उठणार होतो. इतक्यात आक्का बोलू लागल्या.

"बघा साहेब, आता जिना आला. वरच्या पायरीवर टोपीवाला हाय." त्यांची मान भिंतीकडे होती आणि बोट नेमके समोर होते. "सावली बघा किती मोठी. आता वळणार बघा त्यो. वळला."

भिंतीवर काही नव्हते. अंधारात त्यांचे पांढरे केस तेवढे मला दिसत होते. मी काहीच बोललो नाही. तेच त्यांना पुरले.

"पिक्चर बंद पडलंय न्हवं?" त्यांनी हळू विचारले.

"होय."

"कवापास्नं?"

"तुम्ही बोलायच्या आधीपासून."

त्यांनी बोट खाली घेतले आणि हात मांडीवर ठेवला. मी विचारले, कधीपासून दिसत नाही. त्या म्हणाल्या की पावसाळ्याच्याही आधीपासून काहीच दिसत नाही. घर पाठ आहे, ताटातली जागा पाठ आहे, आणि परशाचे बोलणे तर सगळेच पाठ आहे. नव्या दिव्याच्या संध्याकाळी तेवढी चूक झाली. बाहेर माणसांचा गलका होता आणि परशाची चाहूल लागली नाही.

"दिव्यावर खापर फुटलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्येला सांगू नगासा."

मी म्हणालो की आज ना उद्या त्यांना कळेलच.

"कळू दे. उद्या कळू दे." त्या म्हणाल्या. "आई गेली तवा त्यो इवलासा हुता. मागाच्या खोलीत निजायचो आमी. अंधाराला लई भ्यायचा. त्या कोपऱ्यात काय हाय, ह्या कोपऱ्यात काय हाय, सगळं मी त्येला सांगत बसायची, झोप लागंस्तवर. अजून भितोय त्यो, साहेब. लोकांस्नी वाटतंय त्येला अंधाराची आवड हाय."

बाहेर अण्णांचा आवाज जवळ आला. ते कोणाला तरी हसत म्हणत होते की कॅन उघडून बघ, सावली आत न्हाय. मग दार उघडले आणि ते उंबऱ्यावरच थबकले.

"आक्का." त्यांचा आवाज उतरला होता. "भिंत काळी झालीया गं. तू काय बोलली न्हाईस."

"आत्ता झाली बघ," आक्का म्हणाल्या. "ह्याच घटकेला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. दाराच्या फटीतून येणारा उजेड एका बाजूने त्यांच्यावर पडला होता आणि त्यांचे सगळे तोंड मला दिसत होते. ते उत्तराची वाट पाहत होते.

"आत्ताच," मी म्हणालो. "आम्ही तुम्हाला हाक मारणारच होतो."

ते लॅपटॉपपाशी गेले. अंधारात बटण सापडायला वेळ लागला. भिंतीवर चित्र आले.

"परशा, खुर्ची जवळ आण," आक्का म्हणाल्या. "हितनं पुढं जरा भ्या वाटतंय मला."

अण्णांनी खुर्ची ओढली. आक्कांनी चाचपून त्यांचे मनगट धरले आणि सोडले नाही. अण्णांनी एकदा घसा साफ केला आणि भिंतीवर कोणत्या कोपऱ्यात काय आहे, ते सांगायला सुरुवात केली.